ऐंशी नंबरचा जीर्णोद्धार

पॉलिश पेपर ही वस्तू झिजून संपण्यासाठीच जन्माला येते, हे सगळ्या जगाला मान्य आहे. सुताराला मान्य आहे, रंगाऱ्याला मान्य आहे, दुकानदाराला तर फारच मान्य आहे. मान्य नाही ते फक्त आमच्या घराण्याला. वडिलांनी एकच पॉलिश पेपर वर्षानुवर्षं गणपतीच्या मखराला पुरवला होता. शेवटी शेवटी त्याच्यावर औषधालाही दाणा उरला नव्हता. वडील नुसता तपकिरी कागद लाकडावर फिरवायचे आणि बोटाने चाचपून म्हणायचे, “आता कसं गुळगुळीत झालं!” लाकूड गुळगुळीत झालं की कागद, हे विचारायची आमची छाती नव्हती.

मी नोकरीत असेपर्यंत हा आनुवंशिक गुण दबून होता. बँकेत कर्ज विभागात होतो. थकलेल्या कर्जाला बुडीत न म्हणता त्याचं पुनर्गठन करायचं, म्हणजे त्याच माणसाला आणखी थोडे पैसे देऊन तो जुने फेडेल अशी आशा धरायची, यात सगळी हयात गेली. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, “घरात नुसत्या येरझाऱ्या घालू नका, एखादा छंद लावून घ्या.” या वाक्याचा तिला पुढे इतका पश्चात्ताप झाला, की हल्ली कुणाचा नवरा निवृत्त होणार असं कळलं की ती त्या बाईला फोन करून सावध करते. मी सुतारकाम निवडलं. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी वर्कशॉप थाटलं, एक बेल्ट सँडर आणि एक गोल चकतीचा सँडर घेतला आणि जुन्या वाड्यातून आलेला सागवानी पाट समोर ठेवला. पाटावर पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल, हळदकुंकू आणि कुणीतरी उत्साहाच्या भरात फासलेला चॉकलेटी ऑइलपेंट होता. तो खरवडून आतलं सागवान वर काढायचं, इतकाच माफक बेत होता.

बेल्ट सँडर म्हणजे दोन रुळांवरून पॉलिश पेपरचा पट्टा गरागरा फिरवणारं यंत्र. पट्ट्याचा वेग मिनिटाला ३०० मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर रिक्षासुद्धा एवढी पळत नाही. जुलै महिना होता. मी बटण दाबलं, यंत्र अर्ध्या पाटापर्यंत गेलं आणि फाट्‌कन आवाज होऊन पट्टा जोडावर सुटला. कापड कोरं करकरीत, दाणे शाबूत, सुटला तो फक्त जोड.

या पट्ट्यांचा जीव जोडातच असतो. दोन टोकं एकमेकांना भिडवून आतून एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. तुम्ही तो वापरा नाहीतर कपाटात ठेवा, त्या पट्टीचा गोंद आपला म्हातारा होत राहतो, आणि दमट हवेत जरा घाईने होतो. पट्टे साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावेत, असं बनवणारे सांगतात. पुण्यात जुलै महिन्यात एवढी कोरडी हवा माणसांच्या वाट्याला येत नाही, आणि माझे पट्टे तर वॉशिंग मशीनच्या डोक्यावर नांदत होते.

मी तुटका पट्टा पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

“याच्या जोडाची नुसती पट्टी मिळेल का?”

दुकानदाराने पट्टा पाहिला, मग मला पाहिलं. “नवीन बेल्ट देतो ना काका.”

“बेल्ट चांगलाच आहे हो. फक्त जोड गेलाय.”

“काका, काडेपेटी घ्यायला येता तेव्हा नुसता गुल मागता का?”

रांगेतली माणसं हसली. मी मानी माणूस असल्यामुळे नवा बेल्ट न घेता बाहेर पडलो आणि दुसऱ्या दुकानातून झटपट चिकटणारा गोंद, पॉलिस्टरची चिकटपट्टी, दोन शिकंजे आणि ब्लेडची पेटी विकत घेतली. एवढ्या पैशांत बेल्टचा अख्खा पुडा आला असता, हा हिशेब मी घरी मांडला नाही. पुनर्गठनाचा खर्च मूळ कर्जात दाखवायचा नसतो, एवढं बँकेने शिकवलं होतं.

जोड मारण्याची विद्या वाटते तितकी सोपी नाही. टोकं सरळ कापून चालत नाहीत, तिरकी कापावी लागतात, म्हणजे जोड रुळावर एकदम न आदळता हळूहळू चढतो. मग एका टोकावरचे दाणे साफ काढावे लागतात, म्हणजे दुसरं टोक त्याच्यावर सपाट बसतं. दाणे ब्लेडने निघेनात. पेटीतली सगळी ब्लेडं बोथट झाल्यावर लक्षात आलं, की इतके कठीण दाणे घासून काढणारी वस्तू घरात एकच आहे. ती म्हणजे नवा कोरा पॉलिश पेपर. तेव्हा जुना पॉलिश पेपर वाचवण्यासाठी मी नवा पॉलिश पेपर त्याच्यावर घासायला बसलो. दोघांनीही एकमेकांना मनापासून संपवलं.

गोंद लावला, टोकं दाबून धरली, आणि दारावरची बेल वाजली. गोंद खरोखरच झटपट होता. डाव्या हाताची दोन बोटं जोडात सामील झालेली, त्यांच्याखाली पट्टा लोंबतोय, अशा अवस्थेत मी दार उघडलं.

“ओटीपी सांगा,” कुरियरचा मुलगा म्हणाला. मग खाली पाहून, “हाताला काय झालंय, काका?”

“काही नाही, जरा दुरुस्ती चाललीय.”

“हाताची का?”

मुलीच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीने माझी सुटका केली. त्या बाटलीतल्या ॲसिटोनने हा गोंद विरघळतो. बोटांबरोबर जोडही विरघळला ही गोष्ट वेगळी.

पुन्हा जोडला. या खेपेला जोड असा पक्का बसला, की लाकडालाही त्याचा हेवा वाटावा. पण हा गोंद वाळला की काचेसारखा ताठ होतो, आणि पट्ट्याला तर दर फेरीला बारक्या रुळाभोवती वळावं लागतं. ताठ माणसाला वळवताना जे होतं तेच झालं. यंत्रातून ‘ठक, ठक, ठक’ असा ठेका सुरू झाला आणि पाटावर ठरावीक अंतराने आडव्या रेघा उमटू लागल्या. खालच्या मजल्यावरून फोन आला, “वहिनींनी शिलाई मशीन घेतलंय वाटतं! आमच्या दोन पोलक्यांचं घ्याल का?” बायकोने “विचारून सांगते” म्हणत फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात पट्टा दुसऱ्यांदा सुटला. एकावर एक टोक चढवलेल्या जोडाला दिशा असते. म्हणूनच पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण छापतात. माझा बाण मागे बघत होता. वर आलेली कड लाकडात अडकली, सोलत गेली, आणि पट्टा उडून दोरीवर वाळत घातलेल्या गाऊनच्या खांद्यावर उपरण्यासारखा जाऊन बसला.

“किती रुपयांचा असतो हो हा?” बायकोने विचारलं.

“प्रश्न पैशांचा नाही,” मी म्हणालो. ज्यांचे पैसे गेलेले असतात ती सगळी माणसं हेच म्हणतात.

खरंच, पैशांचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे माणूस चंदनासारखा झिजला म्हणून शाल-श्रीफळ मिळतं, वृत्तपत्रात चौकट येते. पण पंधरा-वीस रुपयांचा कागद झिजतो म्हटल्यावर आपल्या पोटात कालवाकालव होते. माणसांनी झिजावं, वस्तूंनी टिकावं, असा आपला सरळ हिशेब आहे.

मग मी गोल सँडरकडे वळलो. त्याला पट्ट्याची भानगड नाही. १२५ मिलिमीटरची चकती, धूळ ओढायला तिला भोकं आणि मागे वेल्क्रो. हे वेल्क्रो जॉर्ज द मेस्त्राल या स्विस माणसाला १९४१ मध्ये सुचलं. कुत्र्याला घेऊन फिरायला गेला असताना दोघांच्याही अंगाला रानातली काटेरी बोंडं चिकटली, ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडा. आपल्याकडे पावसाळ्यात सिंहगड उतरताना अख्ख्या पुण्याच्या पायजम्याला कुसळं चिकटतात. पण आपण ती काढतो, पिठलं-भाकरी मागवतो आणि शोध तसाच राहून जातो.

या यंत्राचं एक पथ्य असतं. त्याला दाबायचं नाही; त्याच्या स्वतःच्या वजनावर काम होऊ द्यायचं. माहितीपुस्तिकेत हे ठळक अक्षरांत होतं, पण वरून दाब आल्याशिवाय कुठलं काम होतं यावर बँकेत राहिलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही. मी दाबलं. घर्षणाने चकती तापली, पाठीमागच्या गादीवरचे प्लॅस्टिकचे आकडे वितळून मऊ पडले आणि चकत्या सुटायला लागल्या. एक गॅसच्या सिलिंडरमागे गेली. एक तुळशीत पडली. एक खिडकीतून थेट सोसायटीच्या अध्यक्षांच्या गाडीच्या टपावर उतरली. ती मी अजून आणायला गेलेलो नाही.

नवी गादी मागवता आली असती. पण आकडे म्हणजे शेवटी आकडे. घरात वेल्क्रो कशाकशाला आहे, याचा मी सर्व्हे केला. मुलीची सँडल तिच्या पायात होती. सुनेच्या लॅपटॉपच्या पिशवीला हात लावायचं धाडस झालं नाही. मग कपाटात रक्तदाब मोजायचं यंत्र सापडलं. त्याच्या दंडाला बांधायच्या पट्ट्यावर आकड्यांचा चांगला ऐसपैस तुकडा होता.

संध्याकाळी आतून आवाज आला, “अहो, आईंचं बीपी घ्यायचंय. हा पट्टा दंडावर टिकतच नाहीये!”

“दंड बारीक झाला असेल,” मी बाल्कनीतून म्हणालो.

“पट्ट्याला कात्री लागलीय!”

त्या दिवशी आईचं बीपी नॉर्मल निघालं असतं, असा माझा अंदाज आहे. बायकोचं मोजायची गरजच नव्हती.

माझ्या सगळ्या प्रयोगांत एकच निर्मळ यशस्वी झाला, आणि त्यानेच पुढचा घात केला. पुष्कळदा पॉलिश पेपर झिजलेला नसतोच, नुसता तुंबलेला असतो. सागवानातलं तेल आणि जुना रंग उष्णतेने चिकट होऊन दाण्यांच्या मधल्या फटी भरतात आणि कागद लाकडावर बर्फावरून घसरावा तसा घसरतो. फिरत्या पट्ट्यावर क्रेप रबराचा तुकडा टेकवला, की तो हा सगळा मळ ओढून घेतो. हे रबर कांडीच्या रूपात विकतही मिळतं. पण आईच्या चपलेचा सोल क्रेपचाच होता, आणि ती दुपारी झोपते. पट्टा असा काही उजळून निघाला, की मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मग रोज एक तुंबलेला पट्टा आणि रोज थोडी चप्पल, असा क्रम लागला.

एक दिवस आई म्हणाली, “अरे, माझी डावी चप्पल उजवीपेक्षा बुटकी कशी झाली? मी त्या डॉक्टरांना सांगून आले, डावा गुडघा आखडलाय म्हणून. त्यांनी शेक घ्यायला सांगितलाय.”

त्या दिवसापासून मी उजवी चप्पल वापरायला लागलो. महिन्याअखेर दोन्ही सारख्या उंचीच्या झाल्या आणि शेकाने गुण आला, असं आई सगळ्यांना सांगत सुटली.

तुंबलेला कागद जिवंत होतो म्हटल्यावर टक्कल पडलेल्या कागदावर केस का उगवू नयेत, असा विचार मनात आला. कागद आहे, गोंद आहे, वाळू समोरच्या बांधकामावर ढिगाने पडलेली आहे. मी पिशवीभर घेऊन आलो. पॉलिश पेपरचा नंबर म्हणजे मुळात चाळणीचा नंबर. इंचाला ८० भोकं असलेल्या चाळणीतून जाणारा दाणा तो ८० नंबरचा, असा जुना ढोबळ हिशेब. जितका नंबर मोठा तितका दाणा बारीक. घरात अशी चाळणी एकच होती.

“ही वाळू आहे?” बायकोने चाळणी हातात घेऊन विचारलं.

“चाळलेली आहे.”

“याच चाळणीतून मला उद्या चकलीची भाजणी चाळायचीय!”

“मग तर बरंच झालं, भोकं मोकळी झाली.”

वाळू ओली होती, म्हणून कढईत भाजायला घेतली. कढईत आदल्या दिवशीच्या भज्यांचं तेल थोडं उरलेलं होतं, ते वाळूने शोषून घेतलं. वासाने शेजारच्या काकू आल्या, कढईत डोकावल्या आणि काही न बोलता परत गेल्या. कागदावर फेविकॉल फासून त्यावर वाळू पेरली, वाळवली आणि पाटावर घासली. पहिल्याच हाताला सगळी वाळू पाटावर आणि हातात कागद. तेलकट दाणा गोंदाला चिकटत नाही.

आता असं फक्त माझ्याच घरी होतं असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९०२ मध्ये पाच जणांनी मिळून एक कंपनी काढली, तीच पुढे थ्रीएम म्हणून जगभर गाजली. धारेच्या दगडांसाठी कोरंडम खणायला म्हणून तिने खाण घेतली आणि निघाला भलताच कुचकामी दगड. मग पॉलिश पेपर बनवायला घेतला, तर १९१४ मध्ये दाणेच गळून पडायला लागले. शोध घेता घेता कळलं, की स्पेनहून आलेल्या गार्नेटच्या पोत्यांवर जहाजातच ऑलिव्ह तेल सांडलं होतं. त्यावर त्यांनी उपाय काय केला? दाणे भाजले! तेल जळून गेलं आणि माल खपला. हे वाचल्यावर मी कढई पुन्हा गॅसवर चढवली.

“तुमच्याशिवाय जगात कुणाला तरी असलं सुचेल का?” बायको म्हणाली.

“सुचलंय ना,” मी म्हणालो. “त्याच कंपनीत फ्रान्सिस ओकी म्हणून एक शोधक होता. पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर त्याचाच. १९२१ मध्ये बाजारात आला. पुरुषांनी दाढीला ब्लेडऐवजी पॉलिश पेपर वापरावा, असं त्याच्या मनात होतं. म्हणतात की तो स्वतःच्या गालावरही घासून बघायचा.”

“त्याच्या बायकोचं पुढे काय झालं, ते लिहिलंय का कुठे?”

तेवढं नव्हतं लिहिलेलं.

दुसऱ्यांदा भाजलेली वाळू चिकटली, पण घासेना. कारखान्यात दाण्यांना विजेच्या भारित क्षेत्रातून नेतात. त्यामुळे प्रत्येक दाणा उडी मारून कागदावर टोक वर करून उभा राहतो. माझ्या वाळूला असे संस्कार नव्हते. ती जिथे पडली तिथे आडवी झोपली. शिवाय नदीची वाळू वाहून वाहून आधीच गोलमटोल झालेली असते. तिच्यात एक खडा मात्र टोकदार निघाला आणि त्याने पाटाच्या मध्यावर इस्लामपूर ते सांगली एवढा चर ओढला. बाकीचं फेविकॉलने पाहून घेतलं. घासताना तापून तो मऊ झाला आणि कागद पाटालाच चिकटला.

शेवटी बायकोने ट्रॉलीच्या बिजागऱ्यांचं निमित्त काढून मिस्त्रींना बोलावलं. बिजागऱ्या झाल्यावर ती त्यांना सहज म्हणून बाल्कनीत घेऊन गेली. मिस्त्रींनी पाट पाहिला. त्याच्यावर चिकटलेला कागद, आडव्या रेघा, मधला चर, सगळं नीट पाहिलं.

“कुणी केलंय हे काम, साहेब?” त्यांनी अदबीने विचारलं.

“होता एक,” मी म्हणालो.

“पैसे दिले नसतील तर देऊ नका.”

मग त्यांची नजर माझ्या खोक्याकडे गेली. त्यात जोडलेले पट्टे, बीपीच्या वेल्क्रोच्या चकत्या आणि वाळू पेरलेले कागद प्रतवारीनुसार लावून ठेवले होते. मिस्त्रींनी एक पट्टा उचलला, माझा जोड एका झटक्यात फाडला, कापड पट्टीला लावून हातभर तुकडा काढला आणि लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला. “पट्टा तुटला म्हणजे यंत्राचं काम संपलं साहेब, कापडाचं नाही. ते हाताने चालतं,” असं म्हणून ते घासायला बसले. चहा होईपर्यंत रेघा गेल्या होत्या आणि चराच्या काठाने पिवळसर सागवान दिसायला लागलं होतं. मग खोक्याच्या तळातून त्यांनी वडिलांच्या वळणाचा एक पार टकला ८० नंबर काढला. मी घाईने म्हणालो, “तो झिजलाय, त्याच्यावर अजून प्रक्रिया व्हायचीय.”

“झिजला म्हणून तर घेतला,” मिस्त्री म्हणाले. “जुना ८० शेवटच्या हाताला बरा. चरे पडत नाहीत, नुसता पुसत जातो. झिजलेला माल टाकायचा नाही, पण त्याला परत नवा करायला पण जायचं नाही. ज्याची जेवढी झीज, तेवढं हलकं काम त्याला द्यायचं.”

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ते वाक्य अगदी लक्ष देऊन ऐकलं, मग माझ्याकडे पाहिलं. पूर्वी स्वेच्छानिवृत्तीचं परिपत्रक निघालं की आमचे मॅनेजर असेच एकेकाच्या टेबलाकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपच्या जागी पुन्हा कपड्यांचा स्टँड आला आणि माझ्यासमोर लसणीची पाटी. तेव्हापासून लसूण सोलणं, मटार सोलणं, गवार मोडणं, दुधाच्या पिशवीचे कोपरे कापणं, ही फिनिशिंगची कामं माझ्याकडे आहेत. मी ती तक्रार न करता करतो. परवा दुधीसाठी सोलाणं हातात घेतलं, तर त्याची धार पार गेलेली. नवं सोलाणं पन्नास-साठ रुपयांत मिळतं, हे मला माहीत आहे. पण पात्याला धार लावायला फक्त बारीक वॉटर पेपर लागतो, आणि माझ्याकडे एक शिल्लक आहे. तो मधोमध फाटलाय, तेवढा आधी जोडून घेतो.